धाब्यावरचा कठडा

(सामान्य काळातील तेविसावा रविवार, उपासना वर्ष अ. शिक्षक दिनानिमित्त चिंतन)

वाचने : यहेज्केल ३३:७-९, रोमकरांस १३:८-१०, मत्तय १८:१५-२०



या आठवड्यात आपण शिक्षक दिन साजरा करीत आहोत. ५ सप्टेंबर हा डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्मदिवस. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. योगायोगाने हाच दिवस कोलकात्याच्या संत मदर तेरेसा यांचा सणही आहे. गोरगरिबांची माता म्हणून जग त्यांना ओळखते. परंतु १९४८ साली रस्त्यावरच्या माणसांसाठी मठाबाहेर पडण्यापूर्वी कितीतरी वर्षे त्या सेंट मेरीज शाळेत शिक्षिका होत्या आणि पुढे तेथेच मुख्याध्यापिका झाल्या. म्हणजे आजारी माणसाला उचलून घेणारे ते हात आधी खडूने पांढरे झालेले हात होते.

आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी शाळेत नोकरीला आहे. कोणी शिक्षिका, कोणी लिपिक, कोणी शिपाई, कोणी वसतिगृहाची अधीक्षिका, कोणी स्कूलबसवर, तर कोणी पोषण आहाराची खिचडी शिजवणारी मावशी. या सर्वांना आम्ही मनःपूर्वक शुभेच्छा देतो. पण आज केवळ गुलाबाचे फूल देऊन थांबावे असे आम्हांला वाटत नाही. आजची तिन्ही वाचने एकच प्रश्न विचारतात : शेजाऱ्याच्या जिवाची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न मनात धरून, करोनाच्या महामारीत आपल्या शाळांतील माणसांचे काय झाले, याचे आपण थोडे चिंतन करू या.

नियमशास्त्रातील एक लहानसा नियम

अनुवादाच्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीत, एक साधा नियम आहे. नवे घर बांधशील तेव्हा त्याच्या धाब्याला कठडा कर, नाहीतर वरून कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, अशा अर्थाचा तो नियम आहे. मुंबई-पुण्याच्या वाचकाला हा नियम समजावून सांगावा लागतो. आपल्या खानदेशात त्याची गरज नाही. धाब्याची घरे आपण पाहिली आहेत, अनेकांचे बालपण त्यांतच गेले आहे. उन्हाळ्यात धाब्यावर पापड, कुरडया, मिरच्या वाळत घालायच्या आणि रात्री गोधडी टाकून सगळ्यांनी वर झोपायचे. झोपेत कूस बदलणाऱ्या लेकराला आई मध्ये घेत असे, कारण कडेला कठडा नसे.

या नियमात तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, कठडा घरमालकाने बांधायचा आहे, वर चढणाऱ्याने नव्हे. 'सांभाळून चालायचे' हा उपदेश पाहुण्याला आहेच, पण तेवढ्याने मालकाची जबाबदारी संपत नाही. दुसरी, कठडा घर बांधतानाच करायचा आहे, कोणी पडल्यानंतर नव्हे. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : कठडा धाबे बंद करण्यासाठी नसतो. लोकांना निर्धास्तपणे वर जाता यावे म्हणून तो असतो.

मराठीत आपण 'नियम धाब्यावर बसवले' असे म्हणतो. देवाने मात्र धाब्यावरच नियम बसवला आहे!

त्या दिवसांची आठवण

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. आपली पवित्र मिस्साही लोकांविना होऊ लागली. रिकाम्या मंदिरात वेदीपाशी एकटे उभे राहताना आम्हांला जे वाटले ते आजही शब्दांत सांगता येत नाही. 'शिक्षकांना घरबसल्या पगार' असे त्या वेळी अनेकजण सहज म्हणून गेले. परंतु वस्तुस्थिती तशी नव्हती.

शाळा बंद होत्या, शाळेतील माणसे मात्र कामावर होती. राज्यात शिक्षकांना तपासणी नाक्यांवर, रेशन दुकानांवर, विलगीकरण केंद्रांवर नेमण्यात आले. ते घरोघरी सर्वेक्षणास गेले. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम आली, तेव्हा हातात तापमापक आणि ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र घेऊन दारोदार फिरणाऱ्यांतही ते होते. शाळेत शिजवलेले अन्न देता येईना म्हणून तांदूळ आणि कडधान्य पालकांना वाटायचे ठरले. पोती उतरवणे, मापे करणे, रांगा लावणे ही कामे शिपाई, मदतनीस आणि शिक्षक यांनीच केली. मे महिन्याच्या उन्हात मुंबई-आग्रा महामार्गावरून धुळे, शिरपूर करीत मध्य प्रदेशाकडे पायी निघालेल्या मजुरांचे लोंढे आपण डोळ्यांनी पाहिले आहेत. सातपुड्याच्या पाड्यांवर, जिथे मोबाईलला रेंज नाही, तिथे काही शिक्षक स्वतः गेले आणि ओट्यावर मुलांना बसवून शिकवू लागले.

हे सारे चालू असताना आपला जळगाव जिल्हा मोठ्या संकटात होता. २०२० च्या उन्हाळ्यात येथील मृत्यूचे प्रमाण देशात चर्चेचा विषय झाले होते. त्याच जूनमध्ये बेपत्ता म्हणून नोंदलेल्या एका वृद्ध मातेचा मृतदेह रुग्णालयाच्याच शौचालयात कित्येक दिवसांनी सापडला. ती बातमी वाचून त्या रात्री आपल्यापैकी अनेकांच्या घशाखाली घास उतरला नसेल.

पुढे २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायचे ठरले. त्याआधी शिक्षकांची आरटीपीसीआर तपासणी सक्तीची झाली. राज्यभरात अनेक शिक्षक बाधित निघाले. त्यांतील कितीतरी जणांना कसलाही त्रास नव्हता, म्हणजे तपासणी झाली नसती तर ते तसेच वर्गात जाऊन उभे राहिले असते. तो एक कठडा होता आणि तो उपयोगी पडला, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

लसीच्या बाबतीत मात्र उशीर झाला. जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झाले तेव्हा आधी आरोग्यसेवक, मग पोलीस वगैरे आघाडीचे कर्मचारी, त्यानंतर वयाप्रमाणे इतर असा क्रम लागला. देशभरातील सर्व शिक्षकांना लस मिळावी म्हणून केंद्र शासनाने राज्यांना दोन कोटी जादा मात्रा देण्याचे जाहीर केले ते ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस, आणि मुदत ठेवली ५ सप्टेंबर, शिक्षक दिनाची! तोपर्यंत दुसरी लाट येऊन गेली होती आणि ज्यांना जायचे ते निघून गेले होते.

आमचा कबुलीजबाब

येथे आम्हांला आमच्या स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. इतरांच्या दोषांवर बोलायचे आणि स्वतःचे झाकून ठेवायचे, हे धर्मगुरूला शोभत नाही.

त्या काळी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी होतो आणि तेथील शाळेच्या व्यवस्थापनाचे काम आमच्याकडे होते. शाळा बंद होती. हजेरीपटावर कोणाच्या सह्या होत नव्हत्या. एके दिवशी धान्यवाटपासाठी माणूस हवा होता. आम्ही शाळेच्या शिपाईदादांना फोन केला. त्यांना मधुमेह आहे हे आम्हांला ठाऊक होते. 'फादर, येतो,' एवढेच ते म्हणाले. त्यांनी कधी 'नाही' म्हटलेच नव्हते. पुढे चार-पाच वेळा आम्ही त्यांना असेच बोलावले. पंधरा दिवसांत ते आजारी पडले आणि परत आले नाहीत.

त्यांना लागण शाळेतच झाली असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. बाजारात झाली असेल, घरी झाली असेल. आमच्या मनाने या वाक्याचा बरेच दिवस आसरा घेतला. पण काही महिन्यांनी त्यांच्या पत्नी आमच्याकडे आल्या. कोविडच्या कर्तव्यावर असताना मृत्यू आलेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला ५० लाख रुपये सानुग्रह साहाय्य देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० साली घेतला होता. त्या अर्जासाठी ते कामावर होते असा कागद त्यांना हवा होता. आमच्याकडे कागद नव्हता. लेखी आदेश दिलाच नव्हता, हजेरीपट कोरा होता. आम्ही मागाहून पत्र लिहून दिले, पण त्याच तारखेचा आदेश जोडा, असे सांगून ते परत आले.

त्या बाई रागावल्या नाहीत. जाताना एवढेच म्हणाल्या, "फादर, कागद नव्हता, पण तुमचा फोन तर आला होता ना?"

आजच्या पहिल्या वाचनात देव यहेज्केल संदेष्ट्याला पहारेकरी नेमतो. आपल्याकडे शेतात माळा बांधून रात्रभर राखण करणारा जागल्या असतो, तसा. देव त्याला बजावतो की, संकट येताना दिसूनही तू सावध केले नाहीस आणि एखाद्याचा जीव गेला, तर त्याच्या रक्ताचा जाब मी तुला विचारीन. संदेष्टा येथे प्रामुख्याने पापाविषयी बोलत आहे, हे खरे. पण ज्याच्या हाती इतरांची काळजी सोपवली आहे त्याला जाब द्यावा लागतो, हे तत्त्व सर्वत्र सारखेच आहे. हे वाचन दर तीन वर्षांनी येते आणि ते वाचताना आम्हांला तो फोन आठवतो.

धैर्य आणि अविचार

काहीजण म्हणतील, 'फादर, ख्रिस्ती माणसाने एवढे जिवाला जपावे का? आपला धर्म तर त्यागाचा आहे.' हा प्रश्न योग्य आहे, त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आपण वाचतो की, सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर घेऊन गेला आणि खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे म्हणाला. तेथेही उंच जागा आहे आणि कठडा नाही. सैतानाने त्यासाठी स्तोत्रातील वचनाचा दाखलाही दिला. येशूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते, असे त्याने उत्तर दिले. तोच येशू पुढे कुष्ठरोग्याला हात लावतो आणि क्रूसावर स्वतःचा प्राण देतो. म्हणजे येशूला भीती वाटत होती म्हणून त्याने उडी नाकारली असे नाही. प्रेमापोटी पत्करलेला धोका आणि उगीच पत्करलेला धोका यांत त्याने भेद केला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही अॅरिस्टॉटल आणि संत थॉमस अॅक्वायनस यांचे विचार अभ्यासले. दोघेही सांगतात की, धैर्य हा सद्गुण भित्रेपणा आणि अविचारी साहस यांच्या मधोमध असतो. संत थॉमस तर विवेकाला सर्व नैतिक सद्गुणांचा वाटाड्या मानतात. विवेक नसेल तर धैर्य आंधळे होते. मास्क न लावता 'माझा देवावर विश्वास आहे' असे म्हणणारा माणूस विश्वासाचा नव्हे, अविचाराचा नमुना ठरतो. आणि त्याची किंमत बहुधा त्याच्या शेजाऱ्याला मोजावी लागते.

इतिहासात पाहा. सन १५७६ मध्ये मिलान शहरात प्लेग पसरला तेव्हा संत चार्ल्स बोरोमिओ शहर सोडून गेले नाहीत. ते रुग्णांपर्यंत जात राहिले. परंतु लोकांनी गर्दी करू नये म्हणून त्यांनी रस्त्यांवर वेद्या उभारल्या, जेणेकरून घरात अडकलेल्यांना खिडकीतून मिस्सा पाहता यावी. धैर्यही होते आणि कठडाही होता.

आपल्या महाराष्ट्रात तर याहून जवळचे उदाहरण आहे. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा चालवणाऱ्या सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला मिस फरार या मिशनरी बाईंकडे अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे सांगतात. पन्नास वर्षांनी प्लेग आला. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तेथे आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी दवाखान्यात पोहोचवले, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. महामारीत सेवा करताना देह ठेवणारी महाराष्ट्राची ही शिक्षिका. तिच्यापुढे आपण नतमस्तक होतो.

पण येथेच एक गोष्ट ध्यानात ठेवू या. सावित्रीबाईंना कोणी फोन करून बोलावले नव्हते. 'आला नाहीत तर पगार कापू' असे कोणी म्हटले नव्हते. तो त्याग त्यांनी स्वतः होऊन केला, म्हणून तो पवित्र आहे. योहानाच्या शुभवर्तमानात उत्तम मेंढपाळ आपला प्राण स्वतः होऊन देतो, तो कोणी त्याच्यापासून हिरावून घेत नाही. माणसाला स्वतःचा त्याग करता येतो, दुसऱ्याच्या त्यागाची मागणी करता येत नाही. नोकरी जाईल या भीतीने जो आजाराच्या तोंडी जातो, त्याला आपण 'योद्धा' म्हणून हार घालतो तेव्हा बहुधा आपण आपलाच दोष फुलांखाली झाकत असतो.

मोजणीत न आलेली माणसे

२०२१ च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशात पंचायत निवडणुका झाल्या. दुसरी लाट भरात असताना शिक्षकांना निवडणुकीचे काम करावे लागले. नंतर तेथील शिक्षक संघाने मृत्युमुखी पडलेल्या १,६२१ जणांची यादी दिली. शासनाच्या शिक्षण विभागाने आधी सांगितले की निवडणूक कामात मृत्यू पावलेले शिक्षक फक्त ३. नियमाप्रमाणे केवळ कामाच्या दिवसांतला मृत्यू मोजला गेला होता. आजार मात्र कामाचे दिवस पाहून येत नाही, तो अंगात शिरून आठ-पंधरा दिवसांनी नेतो. पुढे ओरड झाल्यावर नियम बदलले आणि कितीतरी कुटुंबांना साहाय्य मिळाले.

३ आणि १,६२१! आजच्या शुभवर्तमानाच्या अगदी आधीच, मत्तयाच्या अठराव्या अध्यायात, हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे. शंभरातले एक कमी आहे हे त्या मेंढपाळाला कळले, कारण तो मोजत होता. ज्याचे प्रेम असते तो मोजतो. संध्याकाळी गोठ्यात परतणारी शेरडे आपण मोजतोच ना?

आपल्याकडे मोजणीत न आलेली माणसे कोण? खिचडी शिजवणारी मावशी. तिला त्या काळी महिन्याला दीड हजार रुपये मानधन होते. विनाअनुदानित शाळेतील शिक्षक, ज्यांचा पगार फी आली नाही म्हणून थांबला आणि ज्यांना पोटासाठी केळीच्या बागेत रोजंदारीवर किंवा भाजीच्या गाडीवर उभे राहावे लागले. तासिका तत्त्वावरचे शिक्षक, ज्यांच्या तासिकाच झाल्या नाहीत. स्कूलबसचा चालक, वसतिगृहाचा पहारेकरी, शाळेची स्वच्छता करणारी बाई. शिक्षक दिनी फुले वाटताना ती यांच्यापर्यंत पोहोचतात का, हे ज्याने त्याने आपल्या शाळेत पाहावे.

मग शाळा बंदच ठेवायच्या होत्या का?

असे आमचे म्हणणे नाही. दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. आपल्या राज्यात पहिली ते चौथीची बहुतेक मुले मार्च २०२० पासून डिसेंबर २०२१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस महिने, वर्गात बसली नाहीत. पहिलीतले मूल एकदम तिसरीत गेले आणि त्याला अक्षर येईना. घरात एकच मोबाईल, तोही वडिलांबरोबर कामावर. शाळा सुटलेल्या मुली लग्नाच्या बोहल्यावर चढल्या, मुले कापूस वेचायला गेली. हे नुकसान अजून भरून आलेले नाही. शिक्षकाच्या सुरक्षिततेच्या नावाखाली लेकरांना विसरणे हेही पापच आहे.

म्हणून पुन्हा कठड्याकडे येऊ या. कठडा नसला की दोनच मार्ग उरतात : धाब्यावर जाऊच नका, किंवा जा आणि पडा. कठडा असला की तिसरा मार्ग निघतो. शाळेतील माणसे सुरक्षित असतील तरच शाळा उघडी राहू शकते. शिक्षकाचे आरोग्य आणि मुलांचे शिक्षण ही परस्परांची वैरी नाहीत, एका कठड्याच्या दोन बाजू आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. 'मग आता हे उकरून काढायचे कशाला?' असे कोणाला वाटेल. पण नियम आठवा : नवे घर बांधशील तेव्हा. पडण्याआधी. क्षय, गोवर, फ्लू हे तर आजही आपल्या वर्गांतून फिरत आहेतच.

आपण काय करू शकतो?

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या हक्कांविषयी परिपत्रक काढले. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली कामाविषयीच्या परिपत्रकात सांगितले की, आरोग्याला अपाय होणार नाही अशा ठिकाणी काम करायला मिळणे हा कामगाराचा हक्क आहे. ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे, कोणा एका संघटनेची मागणी नव्हे. शाळांच्या व्यवस्थापनात असलेल्या आपल्या बांधवांनी, पालकांनी आणि स्वतः आम्हीही पुढील गोष्टी मनावर घ्याव्यात.

१. खिडक्या उघड्या ठेवा. त्या वेळी आपण बाके आणि दाराच्या कड्या पुसण्यात फार वेळ घालवला. आज कळले आहे की हा रोग मुख्यतः बंद जागेतील हवेतून पसरतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या असणे हा सर्वांत स्वस्त कठडा आहे. शिक्षकांच्या खोलीकडे विशेष लक्ष द्या, कारण डबा खाताना सर्वजण तेथेच एकत्र बसतात.

२. आजारपणाची रजा पगारासह द्या. ताप असताना जो कामावर येतो तो बहुधा निष्काळजी नसतो, त्याला एका दिवसाचा पगार गमावणे परवडत नसते. ही सोय तासिका शिक्षकांना आणि मावशींनाही असावी.

३. काम सांगाल ते लेखी सांगा. तारीख, वेळ, काम आणि सही. एक कागद एखाद्या घराचा आधार होऊ शकतो. आम्ही हे फार उशिरा शिकलो.

४. ज्यांना मधुमेह, हृदयविकार आहे, जे कर्करोगाचे उपचार घेत आहेत, ज्या भगिनी गरोदर आहेत, त्यांना साथीच्या काळात वेगळे काम द्या. त्यांना ते मागावे लागू नये, आपणहून द्या.

५. तपासणी, मास्क, लस यांचा खर्च कर्मचाऱ्याच्या खिशातून होऊ देऊ नका.

६. 'हे धोक्याचे आहे' असे म्हणणाऱ्याचे ऐका. आजच्या शुभवर्तमानात येशू पायऱ्या सांगतो : आधी भावाला एकांतात भेट, मग आणखी एक-दोघांना बरोबर ने, मग मंडळीपुढे ठेव. त्याने हे पाप करणाऱ्या भावाविषयी सांगितले, पण कोणतीही तक्रार प्रेमाने मांडण्याचा आणि ऐकण्याचा हाच मार्ग आहे. तक्रार करणारा शत्रू नसतो. तो जागल्या असतो.

शिवाय महामारीत गेलेल्या शाळेतील माणसांची नावे आपण मोजू या. आपल्या धर्मग्रामातील असोत वा शेजारच्या गल्लीतील, ख्रिस्ती असोत वा नसोत, आपणांस ठाऊक असलेली नावे चिठ्ठीवर लिहून येत्या रविवारी मंदिराच्या दाराशी ठेवलेल्या पेटीत टाका. २ नोव्हेंबरला सर्व मृत भाविकांच्या दिवशी ती नावे वेदीजवळ वाचली जातील. त्यांच्या मागे राहिलेल्या कुटुंबांना आज कशाची गरज आहे, तेही चिठ्ठीत लिहा. मुलांची फी असेल, अर्ज भरून देणे असेल, आपण सर्व मिळून पाहू.

दुसऱ्या वाचनात संत पौल सांगतो की, कोणाचेही ऋण शिल्लक ठेवू नये, प्रेमाचे ऋण मात्र कधीच फिटत नाही. आणि प्रेम शेजाऱ्याचे वाईट करीत नाही. शेजाऱ्याचे वाईट न करणे ही प्रेमाची पहिली पायरी आहे. कठडा बांधणे हे तेच प्रेम आहे, विटा आणि मातीत उतरलेले.

त्या शिपाईदादांचे ऋण आमच्यावर आहे. ते आम्हांला फेडता येणार नाही. पण यापुढे कोणालाही फोन करण्यापूर्वी आम्ही क्षणभर थांबतो. तुम्हीही थांबावे अशी आमची विनंती आहे.

प्रार्थना करू या

प्रतिसाद : हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक.

शाळांतून काम करणाऱ्या सर्व शिक्षक, शिपाई, मदतनीस आणि सेविकांना तू उत्तम आरोग्य दे, म्हणून प्रार्थना करू या.

महामारीत सेवा करताना मरण पावलेल्या सर्वांना तू सार्वकालिक विश्रांती दे आणि त्यांच्या कुटुंबांचा आधार हो, म्हणून प्रार्थना करू या.

ज्यांच्या हाती इतरांना काम सांगण्याचा अधिकार आहे त्यांना, आणि आम्हांलाही, जागत्या पहारेकऱ्याचे मन दे, म्हणून प्रार्थना करू या.

ज्या मुलांचे शिक्षण त्या काळात तुटले, त्यांना पुन्हा हात धरून नेणारे कोणी भेटो, म्हणून प्रार्थना करू या.

दोघे-तिघे तुझ्या नावाने जमतात तेथे तू असतोस, असे तू वचन दिले आहेस. प्रभू, आमच्या शाळांतही तू ये, आणि आमच्या घरांच्या धाब्यांवर कठडा बांधण्याचे सामर्थ्य आम्हांला दे. आमेन.

ख्रिस्ताठायी आपले,
धर्मगुरू